पांगारा लॉजमध्ये खून कोणी केला?

"हे घ्या तुमचं पुस्तक आणि मला खुनी द्या!"

बागवेकाकांनी पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. मी एका कवितासंग्रहाची प्रुफं तपासत होते आणि 'निःशब्द' या शब्दातला विसर्ग कंपोझिटरने कुठे घालवला ते शोधत होते. बागवेकाकांचं कसबा पेठेत वर्गणीवर पुस्तकं देणारं वाचनालय होतं. एरवी आमच्याकडे येणारा अतिशय गरीब माणूस. त्या दिवशी मात्र त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"कुठला खुनी?" मी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारतोय. कुठला? वर्गणीदार मला दुकानात बसू देत नाहीत. जोशीवहिनी म्हणतात, शेवटची पानं तुम्हीच फाडलीत. मी कशाला फाडू?"

त्यांनी वरचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पातळ पुठ्ठ्याचं, भडक चित्राचं पॉकेटबुक. नाव 'पांगारा लॉजमधला खून', लेखक विश्वजित राजे. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर जगदाळे हॉलचं दार आतून लावून घेतात, जमलेल्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहतात आणि म्हणतात, "बसा."

मी पान उलटलं. पुढे माक्याच्या तेलाची जाहिरात होती. त्यापुढे दंतमंजनाची. मग पुस्तक संपलं होतं.

मला हसू आलं, आणि बागवेकाकांना ते दिसलं.

"हसा," ते म्हणाले. "तुमचं पोट कवितांवर चालतंय असं वाटतंय ना? हसा."

आज या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि तात्या गद्र्यांच्या प्रकाशनात लागून मला वर्षही झालं नव्हतं. तात्यांचं नाव मोठं. कविता, समीक्षा, ललित निबंध. त्यांनी हाती घेतलेला कवी पुढच्या संमेलनात व्यासपीठावर दिसायचा. पण त्याच इमारतीच्या मागच्या खोलीतून दर महिन्याला एक रहस्यकथाही निघायची, 'चित्ता पॉकेट बुक्स' या नावाने. तिच्यावर गद्र्यांचं नाव कुठेही नसे. तो सगळा कारभार व्यवस्थापक चांदोरकर पाहायचे, आणि आम्ही पुढच्या खोलीतली माणसं त्या विषयावर बोलत नसू. कुणी मनाई केली नव्हती. बोलायचं नाही एवढं आम्हाला आपोआप कळलं होतं.

मी बागवेकाकांना घेऊन चांदोरकरांकडे गेले. त्यांच्या टेबलाशेजारी पोस्टकार्डांनी भरलेलं पोतं होतं.

"तुम्हीपण?" ते बागवेकाकांना म्हणाले आणि डोकं धरून बसले.

मी पोत्यातून दोन-चार कार्डं काढून वाचली. बार्शीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, आमचे हे म्हणतात पुतण्याने मारलं, मी म्हणते आचाऱ्याने, घरात चार दिवस बोलणं बंद आहे, कृपया कळवावे. कुर्डुवाडीच्या एका गार्डने फक्त एवढंच लिहिलं होतं: 'कोण?' ते त्याने तीनदा अधोरेखित केलं होतं.

"शेवटचं प्रकरण गेलं कुठे?" मी विचारलं.

"आलंच नाही," चांदोरकर म्हणाले. "म्हणजे, आलं नव्हतं हे आत्ता कळतंय. हस्तलिखित आलं, प्रेसला गेलं. पानं थोडी कमी भरली म्हणून जाहिराती टाकल्या. लेखकाला दोन तारा केल्या. उत्तर आलं की मिरजेला इस्पितळात आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सवडीने या." त्यांनी आवाज खाली आणला. "शरयूबाई, ही मालिका बंद पडली ना, तर तुमचे ते कवी कुठे छापायचे ते तात्यांनाच विचारा. पुढचं सगळं मागच्या खोलीवर चाललंय. मला इथून हलता येत नाही. तुम्ही जाता मिरजेला?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला तो माणूस बघायचा होता. एखादा माणूस महिन्याला एक खून कसा काय करतो, याचं मला कुतूहल होतं.

विश्वजित राजे पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्या काळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की असंच दिवसचे दिवस निजवून ठेवत. वॉर्डात ओळीने अशीच माणसं पडलेली होती. कुणी कण्हत होता, कुणी देवाचं नाव घेत होता, आणि एक सिस्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत "मान हलवू नका, मान हलवू नका" म्हणत फिरत होती.

त्यांचं खरं नाव दत्ता मगदूम. एस.टी.च्या मिरज स्टँडवर ते कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठे लागली ते माईकवरून पुकारायचं काम. खाटेशेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणत.

"पुण्याहून आलीय," मी म्हटलं. "तुमच्या प्रकाशनातून."

"असं?" ते आवाजाच्या दिशेने म्हणाले. माईकवर कमावलेला, घोटीव आवाज होता. "बरं झालं आलात. पुस्तक कसं वाटलं?"

मी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"वाचलंत ना?"

"शेवट... शेवट छापायचा राहिला ना, म्हणून..."

"ते कळलं. पुस्तक वाचलंत का, ते विचारतोय."

"नाही," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. उलट, हवं ते उत्तर मिळाल्यासारखे हळूच हसले. "मग शेवट घेऊन काय करणार? आणलंय का बरोबर? वाचा. मोठ्यांदा वाचा. मलाही दुसरा उद्योग नाही."

मी पर्समधून पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. सुरुवातीला मी कशी वाचत होते ते मला आठवतंय: चिमट्यात धरून काहीतरी बाजूला ठेवावं तशी. पांगारा लॉज पाचगणीला. मालक नारायणराव, म्हातारे, बहिरे आणि श्रीमंत. एका सकाळी ते आपल्या बंद खोलीत सुरीने भोसकलेले सापडतात. लॉजमध्ये त्या रात्री चारच माणसं. पत्ते खेळून कफल्लक झालेला पुतण्या किशोर. नोकरीवरून काढून टाकलेला आचारी भैरू. बोलताबोलता कवितेच्या ओळी म्हणणारे डॉक्टर सबनीस. आणि नारायणरावांची विधवा बहीण ताराबाई, जी दिवसभर खिडकीशी स्वेटर विणत बसते आणि येईल त्याला चहा विचारते.

दुसरं प्रकरण संपलं तेव्हा मी पाणी प्यायला थांबले.

"बाई, थांबलात का?" पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. ते इमामसाहेब होते, तंबोरे बनवणारे कारागीर. "त्या किशोरच्या खिशात काय सापडलं?"

"जरा जोरात वाचा," समोरच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. ते बाळगोंडाअण्णा, जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी. "हितं भैरूचं नीट ऐकू आलं न्हाई."

मी खुर्ची वॉर्डाच्या मधोमध ओढली. आणि मग काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. मी चांगली वाचायला लागले. किशोर बोलला की माझा आवाज उर्मट व्हायचा, ताराबाई बोलल्या की मऊ. इन्स्पेक्टर जगदाळे अंधाऱ्या जिन्यावरून वर जातात त्या ठिकाणी मी आपोआप हळू झाले आणि मान वर करून पाहिलं. कण्हणं थांबलं होतं. बांधलेल्या डोळ्यांची ती सगळी माणसं छताकडे तोंड करून निपचित पडली होती, आणि दारात सिस्टर हातात ट्रे घेऊन उभी होती.

"चालू द्या," ती म्हणाली. "सकाळपासून पहिल्यांदा सगळे हलायचे थांबलेत."

भेटीची वेळ संपली तरी तिने मला उठवलं नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायचं ठरलं. त्या रात्री मी मगदूमांच्या घरी उतरले. पुस्तक माझ्या उशाशी होतं आणि मला सहज पुढे वाचता आलं असतं. आक्कांनी विचारलंसुद्धा, "वाचत न्हाई का?" मी म्हटलं, "नको, ते सगळे थांबलेत ना." असं का म्हटलं कोण जाणे. पण अंथरुणावर पडल्यावर मी बराच वेळ किशोरच्या खिशातल्या किल्लीचा विचार करत होते.

सकाळी गेले तर वॉर्डात भांडण जुंपलेलं. इमामसाहेबांचा आचाऱ्यावर संशय होता, बाळगोंडाअण्णांचा डॉक्टरवर. "औषध देणारा मानूस सुरी कशाला घेईल?" असं एकजण म्हणत होता, तर "म्हनूनच घेतली, संशय येऊ नये म्हनून," असं दुसरा. कुणालाच कुणाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे सगळे छताशी भांडत होते.

मी वाचलं. शेवटच्या पानावर आले. "बसा," असं इन्स्पेक्टर जगदाळे म्हणाले.

मी पुस्तक मिटलं.

"पुढं?" इमामसाहेब म्हणाले.

"पुढे नाही," मी म्हटलं.

वॉर्डात जो गलका झाला त्याने शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. मगदूम मात्र स्वस्थ होते. गलका ओसरेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "बाई, तुम्हाला कोण वाटतं?"

"किशोर."

"का?"

"किल्ली त्याच्याकडे होती. आणि..." मी अडखळले. "आणि मला तो पहिल्यापासून आवडला नाही."

"मला ती म्हातारी वाटते," आक्का म्हणाल्या.

"तू गप बस," मगदूम म्हणाले.

"सांगा ना मग!" मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "पुरे झालं आता. सांगा. कोणी मारलं?"

मगदूमांनी माझ्या आवाजाच्या दिशेने बोट केलं.

"तुम्ही पहिल्या," ते म्हणाले.

"पहिली कशात?"

"विचारण्यात. तुमच्या प्रकाशनातून." त्यांनी चादरीवरचा हात थोडा हलवला. "शेवटचं प्रकरण पोस्टात हरवलेलं नाही. मी लिहिलंच नव्हतं. मुद्दाम. इतकी वर्षं पुस्तकं पाठवतोय. मानधन वेळेवर येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका अक्षराने कुणी कधी विचारलं नाही, की मगदूम, हे असं का, तो माणूस तिथे कसा पोचला. मला वाटायला लागलं, ही माणसं वाचतात तरी का? म्हटलं बघू. खुनी न सांगताच पुस्तक पाठवतो. वाचणारा माणूस गप्प बसूच शकत नाही. उलट टपाली विचारणार."

"आणि आम्ही छापलं," मी म्हटलं.

"छापलंत. तेलाची जाहिरात घालून."

मला खाली बघावंसं वाटलं, पण ज्यांची नजर चुकवायची त्यांचे डोळे बांधलेले होते.

"तुम्हाला राग आला असेल."

"आला. मग ठरवलं, आता बास. लिहायचं बंद. पण चांदोरकरांची तार आली, पोतंभर कार्डं आलीत म्हणून." ते हसले. "आमच्या स्टँडवर एकदा एक पाहुणा बाकावर बसून माझं पुस्तक वाचत होता. मी जतची गाडी पुकारली. उठला नाही. दुसरी पुकारली. उठला नाही. शेवटच्या गाडीला मला माईकवरून सांगावं लागलं, 'पुस्तक वाचणारे पाहुणे, ही जतची शेवटची गाडी आहे.' तो तसाच पळाला, पानात बोट घालून. गाडीत चढतानापण वाचत होता. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण बाई, मला त्या दिवशी घरी चालत गेल्यासारखं वाटलंच नाही. त्याच्यासाठी लिहीत होतो. तो वाचतो हे मला माहीत होतं. तुमचंच कळत नव्हतं."

"आता लिहाल?"

"कागद आहे का?"

ते सांगत गेले आणि मी लिहून घेत गेले. ताराबाईंनी जबानीत सांगितलं होतं, की रात्री दारावर टकटक झाली आणि दादा "कोण आहे?" म्हणत उठले. पण दुसऱ्या प्रकरणात, झोपताना, नारायणरावांनी कानातलं यंत्र काढून पेल्याशेजारी ठेवलेलं होतं. यंत्राशिवाय त्यांना ढोल ऐकू येत नसे. मग टकटक ऐकून ते उठतील कसे? ती जबानी रचलेली होती. मऊ आवाजाच्या, चहा विचारणाऱ्या ताराबाईंनीच भावाला मारलं होतं, सुरी त्याच खोलीच्या खिडकीतून दरीत फेकली होती, दाराला बाहेरून कुलूप लावलं होतं आणि किल्ली किशोरच्या खिशात सरकवली होती.

"मी वाचलं होतं ते," मी न राहवून म्हटलं. "यंत्राचं. माझ्याच तोंडाने वाचलं होतं."

"आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं की ओ," बाळगोंडाअण्णा हळहळून म्हणाले.

"म्हटलं होतं ना मी," आक्का म्हणाल्या.

मी कागदांची घडी घालत होते तेव्हा मगदूमांनी मला थांबवलं. "एक अट आहे. हे छापायला देण्याआधी तात्यांनी पुस्तक वाचायचं. स्वतः. आणि खुनी कोण वाटतो ते तुम्हाला सांगायचं. चुकलं तरी चालेल. नाही वाचलं, तर कागद परत पाठवा आणि मालिकेला दुसरा माणूस बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला पोचल्यावर मी थेट तात्यांच्या खोलीत गेले. तात्या सत्तरीचे, पांढरं धोतर, टेबलावर फक्त एक फाउंटन पेन. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "छान झालं. दे ते प्रकरण, चांदोरकरांना सांगतो."

"नाही तात्या. आधी हे." मी पॉकेटबुक त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी त्या भडक चित्राकडे पाहिलं. "शरयू, मी असलं वाचत नाही. तुला माहीत आहे."

"त्यांनाही माहीत आहे. म्हणूनच अट घातलीय."

"हा हट्टीपणा झाला. करमणुकीचं पुस्तक आहे ते. ज्यांना हवं ते वाचतात, आपण पुरवतो. त्यात मी वाचण्यासारखं काय आहे?"

"मलाही माहीत नव्हतं," मी म्हटलं. "परवा सकाळपर्यंत."

तात्यांचा चेहरा लाल झाला. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे, आणि मी तर तिथे अगदीच नवी. मला वाटलं, नोकरी गेली. पण त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक दोन बोटांनी जवळ ओढलं आणि म्हणाले, "दार लावून घे."

दुपारी एक कवी त्यांना भेटायला आले. मी आत डोकावले तर तात्यांनी मान वर न करता हाताने 'नंतर' अशी खूण केली. कवी तासभर बसून निघून गेले. जेवणाचा डबा तसाच राहिला. चांदोरकर दोनदा येऊन माझ्याकडे भुवया उंचावून गेले.

संध्याकाळी दार उघडलं. तात्या पुस्तक हातात घेऊन दारात उभे होते. बोट शेवटच्या पानात.

"कोणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोण वाटतं?"

त्यांनी चांदोरकरांकडे एक नजर टाकली, घसा साफ केला आणि थोडं अवघडून म्हणाले, "डॉक्टर."

"का?"

"एवढ्या कविता म्हणणारा माणूस सरळ नसतो."

चांदोरकरांना ठसका लागला. मी कागद तात्यांच्या हातात दिले. ते तिथेच उभ्याने वाचायला लागले. यंत्राच्या जागी आले तेव्हा त्यांच्या तोंडून "अरेच्चा!" निघालं. त्यांनी घाईघाईने पुस्तकातलं दुसरं प्रकरण काढलं, ती ओळ शोधली, आणि ती तिथे आहे याची खात्री पटल्यावर खुर्चीत बसले. मग पुन्हा पुढे वाचलं, आणि शेवटी त्यांच्या कपाळावर आठी आली.

"शरयू, ही सुरी खिडकीतून फेकते?"

"हो."

"तिसऱ्या प्रकरणात भैरू म्हणतो, पावसाने मालकांच्या खोलीची खिडकी फुगून बसलीय, उघडतच नाही. मग फेकली कशी?"

मी पाहिलं. बरोबर होतं. ते मी वाचलं होतं, वॉर्डाने ऐकलं होतं, मगदूमांनी स्वतः ऐकलं होतं, आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"लिही त्यांना," तात्या म्हणाले. "माझ्या नावाने लिही. खिडकीचं काय ते कळवा म्हणावं, मगच प्रकरण छापू."

मिरजेहून उत्तर आलं तेव्हा मगदूमांची पट्टी निघाली होती. अक्षर मोठं आणि वाकडं होतं. त्यांनी लिहिलं होतं: 'सुरी कोळशाच्या डब्यात टाकावी. चूक माझी. अशा चुका मागच्या पुस्तकांतही पुष्कळ आहेत. शोधा.'

प्रकरण छोट्या पुस्तिकेसारखं छापून आम्ही ते प्रत्येक कार्डवाल्याला आणि वाचनालयाला पाठवलं. बार्शीच्या बाईंना मी स्वतः दोन ओळी लिहिल्या, की दोघंही चुकलात, आता बोलायला हरकत नाही. पण हे सगळं नंतरचं. मगदूमांचं पत्र आलं त्या दिवशी तात्यांनी ते दोनदा वाचलं, मिशीत हसले आणि चांदोरकरांना हाक मारली.

"अहो, यांची आधीची पुस्तकं काढा पाहू सगळी."

चांदोरकरांनी मागची खोली उलथीपालथी केली. कपाटं पाहिली, माळा पाहिला. आमच्याकडे एकही प्रत नव्हती. इतक्या वर्षांत ती ठेवावी असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग मी पदर खोचला, कसबा पेठेत गेले आणि बागवेकाकांच्या वाचनालयात तात्या गद्र्यांच्या नावाने वर्गणी भरली.